बाकावरचा वीर

ही २००६ सालची गोष्ट. त्या वर्षी आमच्या ह्यांचा उजवा हात गेला. म्हणजे होता जागेवरच, पण अर्धांगाच्या झटक्यानंतर बोटं ऐकेनात. चाळीस वर्षं आम्ही मिळून शिंप्याचं दुकान चालवलं. हे बेतायचे आणि शिवायचे, मी काजं करायची. आता ह्यांच्याच सदऱ्याची बटणं मी लावायची, आणि हे तेवढा वेळ छताकडे बघत राहायचे. घराबाहेर पडणं त्यांनी सोडलंच.

"बायकोकडून बटणं लावून घेणारा शिंपी! लोकांना काय तोंड दाखवू?" म्हणायचे.

व्यायामासाठी डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू पहिल्याच दिवशी कपाटाखाली गेला.

आमची धाकटी कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायची. एका रविवारी ती स्वतः रचलेला खेळ घेऊन आली.

"ह्यात मी कोण? तलवारवाला?" ह्यांनी विचारलं.

"नाही बाबा. तलवारवाला वीर राक्षसाला मारायला निघालाय. त्याचा झगा फाटलाय. तुम्ही गावातले शिंपी."

"म्हणजे इथेही सुटका नाही!"

पण खेळायचं यंत्र हातात घेतलं. एका टाक्याला उजव्या अंगठ्याने एक बटण दाबायचं, उजव्याच तर्जनीने दुसरं. घाई केली की दोरा तुटायचा.

पडद्यावर वीर आला. जगाचा अंत जवळ आलाय, म्हणाला. ह्यांनी त्याचा झगा बाजूला ठेवला आणि कोपऱ्यातलं एका म्हातारीचं पांघरूण उचललं.

"बाबा, ते सरावासाठी आहे! झगा आधी!"

"आधी कोण आलं?"

"म्हातारी. पण हा जग वाचवणार आहे!"

"वाचवू दे की. नंबर आला की वाचवेल."

ह्यांचं असंच. लग्नाच्या दिवशी कोट न्यायला आलेल्या नवरदेवाला ह्यांनी बसवून ठेवलं होतं, कारण एका शाळकरी मुलीचा गणवेश आधी आला होता.

असं कोणी वागेल हे धाकटीने धरलंच नव्हतं. वीर दारात नुसता ताटकळत उभा. हे रोज सकाळी बसायचे. आठ टाके झाले की बोटं दमायची, मग बोटांनाच शिव्या. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. आधी टक... मग बऱ्याच वेळाने टक. हळूहळू टकटक जवळ येत गेली.

पुढच्या रविवारी धाकटी आली. "पाय दुखले असतील बिचाऱ्याचे," म्हणाली, आणि खेळातल्या दुकानात एक बाक घालून गेली. वीर त्यावर बसला.

बाराव्या दिवशी पांघरूण झालं. म्हातारी आली, घेऊन गेली. धाकटीने तिच्या तोंडी काही घातलंच नव्हतं.

"गिऱ्हाईक न बोलता गेलं म्हणजे काम चोख," हे म्हणाले आणि सदरा चढवायला उठले. मी पुढे झाले.

"थांब."

पाच बटणं. चहा गार झाला. माझे हात शिवशिवत होते, ते मी पाठीमागे बांधून ठेवले. शेवटी वर एक काज रिकामं राहिलं आणि खाली एक बटण. जन्मभर काजं केलेली मी, मला दिसणार नाही?

"बरं दिसतंय?"

"छान दिसतंय की."

हे गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आले.

वीराचा झगा महिनाभराने झाला. तो घेऊन गेला. पुढे त्याचं काय झालं, असं ह्यांनी विचारलं, तर धाकटी म्हणाली, "ते शिंप्याला दिसत नाही, बाबा."

"परत आला नाही ना? मग शिवण टिकली."

हे आणखी सहा वर्षं होते. कातर पुन्हा धरता आली नाही, पण बटणं शेवटपर्यंत स्वतः लावली. धाकटीचा खेळ फारसा कोणी घेतला नाही. ती आता कॉलेजात खेळ बनवायला शिकवते, आणि मुलांनी गलका केला की "आधी कोण आलं?" म्हणून विचारते. मला आता सुईचं नेढं दिसत नाही. परवा कपाट हलवलं, तर तो चेंडू निघाला. अगदी कोरा.