खातं बंद करण्याचं कारण

माझ्यावर कुणी लक्ष ठेवलेलं मला मुळीच खपत नाही. तरी तीन वर्षं मी पैसे भरून स्वतःवर लक्ष ठेवून घेत होते. एक कंपनी आहे, ती बसल्या जागी बघते की तुमच्या नावावर कुठे कर्ज निघालं, कुठला हप्ता थकला, तुमचा क्रेडिट स्कोअर किती चढला नि किती उतरला. मग तुम्हाला कळवते. लेक म्हणायची, "आई, लोक रविवारी उशिरा उठतात. तू स्वतःचा स्कोअर बघायला उठतेस." तिचं बरोबर होतं, पण दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकूनच पिणार.

तोंड पोळलं होतं ते भावामुळे. आमचं दुकान चौकटींचं. फोटो, चित्रं, प्रमाणपत्रं, जे येईल ते आम्ही काचेत बसवून देतो. वडिलांनी आम्हा दोघांना एकाच टेबलावर शिकवलं. पट्टीचे दोन तिरके काप जुळवून एकाने कोपरा धरायचा, दुसऱ्याने खिळा ठोकायचा. धरणाऱ्याने 'हं' म्हटल्याशिवाय हातोडी उचलायची नाही, हा वडिलांचा नियम. कोपरा भाऊ धरायचा. उरलेले खिळे तो ओठांत पकडायचा म्हणून लहानपणापासून सगळे त्याला खिळ्याच म्हणतात.

खिळ्याला पट्ट्या कापायचं मोठं यंत्र हवं होतं. मी नको म्हटलं. तर या पठ्ठ्याने माझी कागदपत्रं खणातून काढली आणि माझ्याच नावावर कर्ज काढलं. ओटीपी दुकानाच्या फोनवर आला, आणि दुकानाचा फोन कायम त्याच्याच खिशात असायचा. यंत्राचा सौदा फसला, हप्ते थकले. एका सकाळी वसुलीवाला दुकानात आला आणि लग्नाचा फोटो घेऊन आलेल्या नवराबायकोसमोर मला माझं नाव घेऊन विचारू लागला, पैसे कधी देताय. मी त्यांना तोंड दाखवू शकले नाही. संध्याकाळी खिळ्याला म्हटलं, "परत हा उंबरा चढू नकोस. फोनसुद्धा करू नकोस." तो गेला, आणि खिशातला दुकानाचा फोनही त्याच्याबरोबर गेला. मी नवा घेतला, पाटीवर नवा नंबर रंगवून घेतला आणि त्याच आठवड्यात ते लक्ष ठेवणारं खातं उघडलं.

त्यानंतर मी दर रविवारी काय बघायचे, ते आता सांगायला हरकत नाही. स्कोअर हा बहाणा होता. मी बघायचे त्या कर्जाचा हप्ता. दुसऱ्या महिन्यापासून दर तीन तारखेला तो भरलेला दिसायचा. कुठून आणतो, काय काम करतो, जेवतो का, काही कळायचं नाही. तीन तारखेचा हप्ता दिसला की एवढं कळायचं की भाऊ जिवंत आहे आणि हातपाय हलवतो आहे. असे अठ्ठावीस हप्ते मी बघितले. सात महिन्यांपूर्वी शेवटचा भरला, कर्ज मिटलं, आणि त्या रविवारी मला आनंद व्हायच्या ऐवजी रडू आलं. पुढच्या तीन तारखेला बघायला काहीच उरलं नव्हतं.

उद्या चौथ्या वर्षाचे पैसे आपोआप कापले जाणार होते. आज दुपारी लेकीला म्हटलं, हे खातं बंद करून टाक. ती दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसली. खातं उघडायचं बटण हाताएवढं मोठं होतं, बंद करायचं बटण कुठेच नव्हतं. 'सवलत हवी का', 'खरंच जाताय का', 'आम्हाला वाईट वाटतंय' असं सगळं होतं. निरोप घेऊन निघालेल्या पाहुण्याच्या चपला लपवून ठेवतात, त्यातला प्रकार. शेवटी तिने स्वतःच्या फोनवरून मदतकेंद्राला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पंचवीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक तरुण मुलगी बोलू लागली.

"नक्की बंद करते, मॅडम. तुमच्या नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवलाय. शेवटचे आकडे शून्य सात. दोन मिनिटं चालेल."

माझ्या नव्या फोनचे शेवटचे आकडे एक्केचाळीस आहेत. शून्य सात म्हणजे दुकानाचा जुना फोन.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. वीस वर्षं प्रत्येक पावतीवर, प्रत्येक अर्जावर मी तोच नंबर लिहीत आले होते. रागाच्या भरात खातं उघडताना हाताने सवयीने तोच लिहिला, आणि उघडायला ओटीपी कुणी मागितला नव्हता. ज्याच्यावर पहारा बसवायचा त्याच्याच घरी मी पहारेकरी पाठवला होता. लेक हसायला लागली आणि माझा चेहरा बघून तिने तोंडावर हात धरला.

"नंबर बदलायचा तर?" मी विचारलं.

"अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि पंधरा दिवस, मॅडम."

पैसे उद्या कापले जाणार होते. पण खरं सांगते, पैशांसाठी नाही. फोन करायला एक कारण मिळालं होतं, आणि ते असं पुन्हा मिळणार नव्हतं. मी माझा फोन उचलून तो नंबर फिरवला. पाठच होता.

"हॅलो," तो म्हणाला. मग हळूच, "ताई?"

"तुझ्या फोनवर एक ओटीपी आलाय. तो सांग."

तीन वर्षांनी सख्ख्या भावाशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य.

"ओटीपी कुणालाही सांगू नका, असं लिहिलंय यात," तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे तू मला शिकवतोस?"

आणि खणातल्या कागदपत्रांपासून वसुलीवाल्यापर्यंत सगळं मी त्याला ऐकवलं. दुसऱ्या फोनवरून मदतकेंद्रातली मुलगी हळूच म्हणाली, "वेळ संपली, मॅडम. परत पाठवते."

"आला," खिळ्या म्हणाला. "पण खातं बंद का करतेस?"

"तुला काय करायचंय? आणि हे मेसेज तुलाच येत होते का, इतकी वर्षं?"

"दर महिन्याच्या पाच तारखेला."

"आणि सांगितलं नाहीस?"

"कसं सांगणार? फोन करू नकोस म्हणाली होतीस." त्याचा आवाज खाली गेला. "ताई, दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तुझा स्कोअर एकदम वीसने उतरला. काय झालं होतं? चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही."

मी आठवून बघितलं. "फ्रिज हप्त्यावर घेतला होता, तो हप्ता राहून गेला. आजारी होते. ताप होता."

"वाटलंच मला. दुकानासमोरून जाऊन आलो होतो. शटर खाली होतं. चौथ्या दिवशी उघडलेलं दिसलं, मग जेवलो. आणि मागच्या वर्षी कर्जाची चौकशी झाली, ते काच कापायचं टेबल घेतलंस ना?"

"हो."

"चांगलं केलंस. जुनं डुगडुगत होतं."

मी एकटीच अठ्ठावीस हप्ते मोजत बसले होते, असं मला वाटायचं. पलीकडून हाही माझेच आकडे वाचत बसला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी आमची गत. मी फोन लेकीच्या हातात द्यायला निघाले, पण तिने हात मागे घेतला.

"मॅडम," ती मुलगी म्हणाली, "याचीही वेळ संपली. पण घाई करू नका. माझी शिफ्ट सुटायला अजून वेळ आहे." तिला सगळं ऐकू जात होतं, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

तिसऱ्यांदा ओटीपी आला. या वेळी कुणी भांडलं नाही.

"धरलास का?" मी विचारलं. तोंडातून आपोआप तेच आलं.

तो म्हणाला, "हं."

त्याने एकेक आकडा सांगितला, मी मोठ्याने म्हटला, मुलीने लिहून घेतला.

"झालं, मॅडम. फक्त कारण निवडायचंय. महाग वाटतं, उपयोग होत नाही, दुसऱ्या कंपनीकडे जाताय, किंवा इतर."

"इतर."

"इतरमध्ये काय लिहू?"

लेकीकडे बघितलं तर ती ओढणीने डोळे पुसत होती.

"मी 'घरगुती' लिहिते," ती मुलगी म्हणाली, आणि आभार मानून फोन ठेवला. इतक्या शहाण्या पोरीला त्या कंपनीने पगारवाढ द्यावी.

खिळ्या अजून फोनवर होता. त्याच्याकडे मेसेज वाजल्याचं ऐकू आलं.

"आला," तो म्हणाला, आणि वाचू लागला. "आपलं खातं बंद झालं आहे. यापुढे आपल्याला कोणतीही सूचना मिळणार नाही." तिथे तो अडखळला. "म्हणजे आता मला तुझं काही कळणार नाही, ताई."

"मग येऊन बघत जा," मी म्हटलं. "दुकान सातपर्यंत उघडं असतं."

"माहीत आहे. जुनी गिऱ्हाइकं अजून याच नंबरवर फोन करतात. आठवड्याला दोघातिघांना मीच सांगतो, सातपर्यंत उघडं आहे, जा."

तीन वर्षं अधूनमधून कुणीतरी येऊन म्हणायचं, फोनवर विचारूनच आलो. कुणाला विचारून आला, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी फोन ठेवला तेव्हा साडेपाच वाजले होते. टेबलावरच्या चौकटीचे तीन कोपरे जोडून झाले होते. चौथ्यासाठी शिकंजा काढून ठेवला होता, एकट्या माणसाला त्याच्याशिवाय कोपरा धरता येत नाही. तो मी परत खणात टाकला आणि दुकानाचं दार सताड उघडून ठेवलं.