बाळंतखोलीची सोबत

गारगोटीच्या बाजारात वांग्याच्या भावावरून कुणाशीही भांडायला तयार असणारी अंबूबाई दवाखान्याच्या नुसत्या नावानं गार पडायची. धाकटी लेक मोना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कोल्हापूरच्या ज्या दवाखान्यात तिचं नाव घातलं होतं, त्यांचा दर गुरुवारी मोबाईलवर वर्ग असायचा. जावई कृष्णात पेठ वडगावातनं त्यात हजर राहायचा, एकेक गोष्ट वहीत उतरवून घ्यायचा. पण बाळंतखोलीत पुरुषाला मज्जाव होता. आत एकच बाई सोबत थांबणार, तीही डोळ्यांवर बाळंतखोलीचं हुबेहूब चित्र दाखवणारा मोठा चष्मा चढवून सराव केलेली. मोनानं आईचं नाव दिलं होतं, पण गुरुवारी वर्ग लागला की अंबूबाई कंबर धरून पलीकडं जाऊन पडायची.

"मावशीला ने की," अंबूबाई म्हणाली. "माझी कंबर धरलीया."

"तुझी कंबर बरी गुरुवारीच धरती गं आये?"

कंबरेचं निमित्त होतं. नऊ वर्षांपूर्वी थोरली निशिगंधा अशीच बाळंतपणाला आली होती. अंबूबाई पहाटेपासून दवाखान्यात बाळंतखोलीच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून होती. रक्त थांबेना, माणसं धावत होती, आणि हिला कुणी आत घेईना. बाळ रडल्याचा आवाज आलाच नाही. लेक गेली, नातही गेली. मोनाला दिवस राहिल्यावर थोरलीचं नाव घरात काढायचं नाही, असं अंबूबाईनंच ठरवलं. पोटुशीच्या कानावर तसलं पडू नये म्हणून. भिंतीवरचा फोटोसुद्धा तिनं ट्रंकेत टाकला. त्यानं भीती कुणाचीच गेली नाही, मायलेकी नुसत्या एकमेकींपासून तोंड लपवत राहिल्या.

शेवटी मोना रडली. "तू येत न्हाईस तर मी एकटीच जातो आत."

अंबूबाई निमूट एसटीत जाऊन बसली.

दवाखान्यात सिस्टर मुस्काननं तिला चष्मा लावला, कानांवर आवाजाच्या वाट्या बसवल्या. "समोर बाई दिसंल, मावशी. खरी न्हाय, चित्रातली हाय. तिला धीर द्यायचा."

अंबूबाईच्या भोवती खोली उभी राहिली. हिरवे पडदे, डोक्यावर दिवा, पलंगावर कळांनी तळमळणारी पोर. जे दार तिनं नऊ वर्षं मनात बाहेरूनच बघितलं होतं, ते आता तिच्या पाठीमागं होतं. तिनं हात पुढं केला आणि हवेत चाचपडू लागली.

"निशा," ती म्हणाली. "निशा, आलो बघ मी. दम धर बाई."

सरावाला आलेल्या बायका वळून बघू लागल्या. मोना जड अंगानं उठली आणि आईच्या रिकाम्या हातात तिनं आपला हात दिला.

"आये, मी मोना हाय."

"ठावं हाय मला. तुझ्याबी संगं येणार हाय. पर आधी हिचं होऊ दे."

चष्मा काढायला मुस्कान पुढं झाली. मोनानं मानेनंच नको म्हटलं. अंबूबाई श्वास मोजून देत होती, मध्येच चित्रातल्या पोरीच्या कपाळावरून हात फिरवत होती, अगदी वर्गात सांगितलं होतं तसंच. म्हणजे कंबर धरलेली असतानाही बाईनं सगळं कान देऊन ऐकलं होतं. बराच वेळ असा गेला.

मग ती थांबली. आवाज फक्त तिच्याच कानांत होता. चष्म्याखालून गालावर पाणी ओघळलं, आणि मोनाचा हात तिनं छातीशी धरला.

"रडली गं," ती म्हणाली. "निशाची पोरगी रडली."