ज्ञानेशचा स्वेटर

दिवाळी उलटली, सकाळी पंखा बंद करायची वेळ आली, की योगिनीच्या अंगात यायचं. गंगापूर रोडच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बेडच्या पेटीतून सगळे लोकरीचे कपडे बाहेर, सुती आत. मग पलंगावर तीन ढीग. पहिला तिच्या मुलाला, हर्षलला, होतं त्याचा, दुसरा पुढच्या वर्षी होईल त्याचा, आणि तिसरा कळवणचा.

कळवणला धाकटी जाऊ शुभांगी, तिचा ज्ञानेश सात वर्षांचा. हर्षल नऊचा. म्हणजे हिशेब सरळच की! हर्षलला आखूड झालं ते ज्ञानेशला. चांगली चाल होती ही, वाईट काहीच नव्हतं. पण हात मोकळा करता करता माणसाचं मन कधी कद्रू होतं, ते त्याचं त्यालाच कळत नाही. तिसऱ्या ढिगात चेन बिघडलेलं जाकीट गेलं, शाईचा डाग पडलेली ट्रॅकपँट गेली.

"अगं, याची चेन तरी लावून घे," नवरा, संतोष, म्हणाला.

"गावाकडं चालतं हो सगळं. पोरं मातीतच तर लोळतात."

दीड वर्षात ती कळवणला गेली नव्हती. पिशवी दर वेळी संतोषच उभ्याउभ्या देऊन यायचा. फोनवर शुभांगीला तिने पोराचं माप एकदाही विचारलं नव्हतं. दोन वर्षांनी लहान आहे ना, मग विचारायचं काय त्यात! यंदा मात्र हर्षलला घेऊन ती स्वतः निघाली. आपण दिलेलं घेताना शुभांगीचा चेहरा कसा फुलतो, ते बघायची हौस होती. खोटं कशाला बोला?

दारातच शुभांगीने ओवाळल्यासारखं हसून पाणी दिलं. "ताई, किती दिवसांनी! ज्ञानू, ए ज्ञानू, मोठी आई आली बघ. पाया पड."

आतून पोरगा आला आणि योगिनीच्या हातातला तांब्या हातातच राहिला. ज्ञानेश हर्षलपेक्षा चांगला चार बोटं उंच होता. खांदे रुंद, गाल भरलेले. आणि अंगात गेल्या वर्षी धाडलेला हर्षलचा लाल स्वेटर! बाह्या कोपरापाशी संपलेल्या, खाली बेंबी उघडी, हात बाजूला असे उचललेले की बिचाऱ्याला ते खाली टेकवताच येत नव्हते. वर कपाळावर घाम, कारण बाहेर चांगलं ऊन पडलेलं.

तो पाया पडायला वाकला. टर्रकन पाठीची शिवण गेली.

"धसमुसळा कुठला!" शुभांगीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "मोठ्या आईनं प्रेमानं दिलेलं, नीट वापराया नको?"

"मी म्हनलो व्हतो ना बसत नाय म्हणून!" पोरगं रडायलाच लागलं. "तूच म्हनली, मोठी आई येतीये, तिला वाईट वाटंल."

योगिनीला वाटलं, धरणी फाटावी आणि पोटात घ्यावं. धपाटा पोराच्या पाठीत पडला होता, पण मार खरा कुणाला बसायला हवा होता ते तिला चांगलं ठाऊक होतं. आणि लाजेची गोष्ट अशी, की तिने आधी पायाने पिशवी खाटेखाली सरकवली.

"मम्मी, ती पिशवी दे ना काकूला," हर्षल म्हणाला. आपल्या चुलतभावाकडे त्याने वर मान करून पाहिलं. "पण ज्ञानू तर माझ्याहून मोठाय. मग हे कुणाला होणार?"

शुभांगीने घाईघाईने पिशवी ओढून घेतली. "होतंय की! लय चांगलंय. गेल्या साली धाडलेलं सगळं पण मी जपून ठेवलंय, ताई. एवढ्या लांबून आठवणीनं धाडता."

पिशवीतून ते बिघडलेल्या चेनचं जाकीट डोकावलं. शुभांगीने ते पाहिलं आणि पुन्हा आत दाबलं.

"नको शुभांगी, राहू दे ते," योगिनी म्हणाली. "मी पोराकडं बघितलंच नाही गं. नुसत्या पिशव्या भरत राहिले, आणि वर मनात फुशारकी. मला लाज वाटते."

तिने ज्ञानेशला जवळ ओढलं, फाटका स्वेटर डोक्यावरून हलकेच काढला. काखेत दोन्हीकडे लालभडक वळ उठले होते. तिला त्या वळांकडे बघवेना.

"राजा, तुझं स्वतःचं काही गरम नाही का रे?"

"हाय की." त्याने आतल्या खोलीच्या दाराकडे बोट दाखवलं. दाराआड खुंटीवर निळं, जाड, कोरं करकरीत जाकीट टांगलं होतं. "पप्पांनी दिवाळीला घेतलं."

"मग संध्याकाळी गारठा पडला की तेच घाल हं."

ज्ञानेशने नाक पुसलं, आईकडे पाहिलं आणि विचारलं, "घालू का गं? अजून मोठी आई गेली नाय ना."