मे महिन्यातला हुरडा

आमच्या अण्णांना जावई शोधल्याचा भारी अभिमान. बेंबळीत कुणी नुसतं "काय उत्तरेश्वरराव, बरं हाय का?" म्हटलं तरी ते सुरू होतात. एसटीनं लोहाऱ्याला कसे गेले, हॉटेलात चहा पीत पोराची चौकशी कशी केली, आणि शेवटी "माणूस वळखायला नजर लागती" हे ठरलेलं. त्यांचे जिवलग मित्र गुंडाप्पाकाका तर ही गोष्ट त्यांच्याआधीच पूर्ण करून टाकतात.

खरी गोष्ट अशी, की रणधीरला त्यांच्या कितीतरी आधी मी शोधलं होतं, धाराशिवच्या अभ्यासिकेत. पण अण्णांपुढं सरळ नाव घ्यायची माझी छाती नव्हती. म्हणून मैत्रिणीच्या वडिलांमार्फत त्याचा बायोडाटा अलगद त्यांच्या हातात पोचवला. मार्चमध्ये बघण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा आम्ही दोघं इतके अनोळखी होऊन बसलो की मलाच हसू आवरेना. एप्रिलमध्ये लग्न झालं. अण्णांचा आनंद बघितल्यावर खरं कोण सांगणार?

लग्नानंतर लगेच अधिक महिना आला. धोंड्याच्या जेवणाला आम्ही बेंबळीला गेलो आणि अण्णांनी फर्मान सोडलं, "निकिता, तुमचं समदं फोटू टीव्हीवर लाव. गुंडाप्पाबी येतोय."

टीव्हीवर फोटोखाली तारीख दिसते. आणि माझ्या मोबाईलमध्ये आमचा दोघांचा पहिला फोटो होता, ज्वारीच्या रानात काढलेला, जानेवारीतला. तो वगळता आला असता. पण आमचा सगळ्यात गोड फोटो तोच, आणि तो अण्णांनी बघावा अशी माझी फार इच्छा. मग आई धोंडे तळत असताना मी कोपऱ्यात बसून त्याची तारीख बदलली. दहा मे. लग्नानंतरचा फोटो, कुणाच्या बापाला कळतंय!

गुंडाप्पाकाका यायच्या आधीच अण्णांनी फोटो सुरू करायला लावले. हळद झाली, वरात झाली आणि तो फोटो आला.

"थांब, थांब!" अण्णा उठून टीव्हीपाशी गेले.

"दहा मे? आन् शाळू हुरड्यात?"

मी शेतकऱ्याची पोर, आणि तारीख बदलताना फक्त आमचे चेहरे बघितले होते! मागं थंडीतच हुरड्याला येणाऱ्या ज्वारीचं अख्खं रान उभं होतं.

पण अण्णांना संशय आलाच नव्हता. त्यांचे डोळे चमकत होते. "पाव्हणं, कुणाचं रान हे? मे महिन्यात असलं कणीस काढलं गड्यानं! बियाणं कुठलं?"

"मामा, ते... लोहाऱ्याच्या शिवारातलं," रणधीर घाम पुसत म्हणाला.

"मंग चला की! आत्ताच गाठू त्याला." अण्णांनी खुंटीवरची टोपी काढलीसुद्धा.

रणधीरनं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. शेवटी बिचारा बोलला, "मामा, फोटो जानेवारीतला आहे."

अण्णा थबकले. "जानेवारीत? तुमी तर मार्चात पयल्यांदा..."

"मे महिन्यात सोटर घालून कोण हिंडतं?" आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं!

अण्णा मात्र हसले नाहीत. टोपी हातात धरून खाली बसले. "म्हंजी जावई म्या हुडकला न्हाय?"

तो बारीक आवाज ऐकून मला रडूच आलं. "अण्णा, तुम्ही व्हय म्हणंपर्यंत मला अन्न गोड लागत नव्हतं," एवढंच मला म्हणता आलं.

ते काही बोलणार, तोवर गुंडाप्पाकाका दारात उभे. त्यांची नजर सरळ टीव्हीवर गेली. "आं? दहा मे? आन् हुरडा? उत्तरेश्वरराव, ही काय भानगड?"

अण्णांनी टोपी सावकाश डोक्यावर चढवली. माझ्याकडं बघितलं, रणधीरकडं बघितलं. पिकापाण्याच्या बाबतीत अण्णा चेष्टेतसुद्धा कधी खोटं बोललेले मला आठवत नाहीत.

"भानगड कसली?" ते छाती फुगवून म्हणाले. "जावई म्या हुडकलाय, गुंडाप्पा. त्याच्या शिवारात मे महिन्यातबी हुरडा येतो."