जंतूंचा स्वयंपाक

"मीठ किती घालू, मॅडम?"

ज्योत्स्ना मॅडमना हसू आलं. "चिमूटभर. आणि चव घेऊन बघू नका हं, चांगुणाताई. हे आपल्यासाठी नाही, जंतूंसाठी आहे."

"जंतू असले म्हून काय झालं? आळणी कोण जेवतंय?" चांगुणानं पातेल्यात डाव फिरवला.

पातेल्यात उकडलेल्या बटाट्याचं गाळलेलं पाणी होतं. त्यात साखर आणि जळकोटच्या किराणा दुकानातून आणलेलं चायना ग्रास विरघळत होतं. निवलं की ते काचेच्या ताटल्यांत खरवसासारखं घट्ट बसणार. मग त्यावर बोट टेकवायचं, झाकण लावायचं आणि दोन दिवस वाट बघायची. बोटावरचे जंतू जेवून वाढले की त्यांचे ठिपके डोळ्यांना दिसतात. बोट जितकं घाण तितके ठिपके जास्त. मॅडमनी हे समजावून सांगितलं होतं आणि चांगुणाला ते लगेच पटलं होतं. जेवायला घातलं की लपलेला माणूससुद्धा बाहेर येतो, हे तिला सांगावं लागत नव्हतं.

खरं तर तिची नेमणूक शाळेच्या खिचडीसाठी झाली होती. भीमनगरातल्या लग्नांत शे-दोनशे पानांचा स्वयंपाक ती एकटी उरकायची. तिच्या हाताला चव होती आणि तिला त्याचा गर्व होता. का नसावा? पण ती शाळेच्या शेगडीपाशी उभी राहिली आणि गावातल्या पोरांची पोटं दुखायला लागली. कुणी घरून डबा आणायचं, कुणाचा सोमवारचा उपास गुरुवारीच निघायचा. भरलेलं पातेलं भरलेलंच राहू लागलं, तेव्हा मुख्याध्यापक गुरुपादप्पा सरांनी तिला प्रयोगशाळेची झाडलोट दिली. "बढती समजा," असंही म्हणाले. खिचडीला केवळाबाई आल्या आणि पोरांची पोटं आपोआप बरी झाली.

"जातीबितीचं काय न्हाई," शाळा समितीचे अध्यक्ष अमृतराव तेव्हा म्हणाले होते. "स्वच्छतेचा प्रश्न हाय."

हल्ली गावात जात कुणीच पाळत नाही. सगळे स्वच्छता पाळतात.

ज्योत्स्ना मॅडम नांदेडहून नव्यानं आलेल्या. विज्ञानावर त्यांचा फार विश्वास. भर मीटिंगमध्ये त्यांनी अमृतरावांना विचारलं, "स्वच्छतेचाच प्रश्न असेल तर तपासून बघू या ना. चांगुणाताई, केवळाबाई, तुम्ही आणि सर, चौघांची बोटं टेकवू. चांगुणाताईंच्या ताटलीत ठिपके जास्त नसले तर त्या परत खिचडीवर." चारचौघांत नाही म्हणता येईना, तेव्हा अमृतरावांनी मान डोलावली. त्या दिवसापासून चांगुणा हात घासत होती. आधी राखेनं, मग साबणानं, मग पुन्हा राखेनं. बोटांची सालं निघाली, तरी तिचं समाधान होईना. तिला तिची शेगडी परत हवी होती. दुसरं काही नको होतं.

तासाची घंटा झाली. मॅडम वह्या उचलून निघाल्या आणि दारातून वळल्या. "एक सांभाळा हं, ताई. ताटल्यांत ओतताना तुमच्या हाताचं काहीही यात पडता कामा नये. नाहीतर सगळंच वाया जाईल."

मॅडम अगदी चांगल्या मनानं बोलल्या. हेच वाक्य चांगुणानं विहिरीवर ऐकलं होतं, पिठाच्या गिरणीत ऐकलं होतं, लग्नाच्या मांडवाबाहेर ऐकलं होतं. इतक्या गोड आवाजात मात्र पहिल्यांदाच ऐकलं.

ती हातांकडे बघत राहिली. बटाटे तिनंच सोलले होते, पाणी तिनंच गाळलं होतं, ताटल्या तिनंच पुसल्या होत्या. म्हणजे हाताचं यात आधीच पडलं असणार. कपाटात प्रथमोपचाराची पेटी होती आणि पेटीत डेटॉलची बाटली. पोरांच्या खरचटलेल्या गुडघ्यांना सर तेच लावायचे. आपल्या हातचे जंतू तेवढे मरतील, बाकीच्यांचे नंतर बोटांवरून येतीलच, असा तिनं विचार केला आणि एक झाकण पातेल्यात ओतलं. मन भरेना, म्हणून आणखी एक ओतलं. खोलीला रोजचा फिनेलचा वास होताच, त्यात हा वास कुणाला कळला नाही. शनिवारी चौघांनी बोटं टेकवली, मॅडमनी झाकणांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या.

सोमवारी सगळे पुन्हा जमले. मॅडमनी अमृतरावांची ताटली उजेडात धरली. स्वच्छ. सरांची स्वच्छ, केवळाबाईंची स्वच्छ. चांगुणाचीही स्वच्छ.

"एक बी ठिपका न्हाई ना?" चांगुणा हरखून म्हणाली. "बघा, सर. एक बी न्हाई!"

"कुणाच्याच ताटलीत नाही," मॅडम गोंधळल्या होत्या. "असं होत नसतं. थोडेतरी यायलाच हवे होते. जंतूंनी काही खाल्लेलंच दिसत नाही."

अमृतरावांनी ताटलीवर वाकून पाहिलं. "रांधलं कोणी व्हतं हे?"

"चांगुणाताईंनी."

"मंग बरोबर हाय की." ते सावकाश सरळ झाले. "जंतू बी ह्याच गावचे हायत, मॅडम. तेनी तरी कसं खातील हिच्या हातचं?"

सर हसले, कारण अध्यक्ष हसत होते. केवळाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. चांगुणानं मॅडमकडे बघितलं, तर मॅडमच्याही ओठांवर हसू येऊन गेलं होतं. क्षणभरच आलं, त्यांनी लगेच गिळलंही, पण चांगुणानं ते पाहिलं. बाकीच्यांचं हसणं तिला सवयीचं होतं. हे लागलं.

सगळे गेल्यावर मॅडमनी हळूच विचारलं, "ताई, तुम्ही यात काही घातलं होतं का?"

"डेटॉल. दोन झाकणं."

"अहो, पण का?"

"तुम्हीच म्हणला ना, माझ्या हाताचं काई पडू नये म्हून."

मॅडमचा चेहरा उतरला. मग त्यांना वाटलं, चूक कळली, आता प्रयोग पुन्हा करता येईल. त्या तशाच धावत गुरुपादप्पा सरांकडे गेल्या. चांगुणा त्यांच्या मागं गेली आणि ऑफिसच्या दाराबाहेर थांबली. अमृतराव आत चहा पीत बसले होते. मॅडमनी सगळं खरं खरं सांगितलं.

"म्हंजे अन्नात औषध घालती ही?" अमृतरावांनी कप खाली ठेवला.

"तसं नाही, त्या घाबरल्या होत्या म्हणून..."

"आज जंतूंच्या घातलं, उद्या लेकरांच्या खिचडीत घालंल. काय हो सर?"

"बरं झालं वेळेवर कळलं," गुरुपादप्पा सर म्हणाले. "मॅडम, हा विषय आता पुन्हा काढू नका."

मॅडम बाहेर आल्या. चांगुणाला ओलांडून जाताना त्यांनी मान वर केली नाही. पुढं कधी त्यांनी जंतूंचं नाव काढलं नाही, आणि त्या चांगुणाशी बोलतानाही जपून, कामापुरतं बोलू लागल्या.

त्या ताटल्या प्रयोगशाळेच्या मागच्या खिडकीत पडून राहिल्या. आठ-दहा दिवसांनी चांगुणाला त्या धुवायची आठवण झाली. ऊनवाऱ्यानं चिठ्ठ्यांवरची शाई उडाली होती, कुणाची कोणती ते कळत नव्हतं. तीन तिनं खरवडून काढल्या. चौथीचं झाकण उचललं आणि तिचा हात थांबला.

एका कडेला नखाएवढी बुरशी धरली होती. पांढरी, कापसासारखी.

मैदानात खिचडीची घंटा झाली. पोरं ताटल्या वाजवत केवळाबाईंच्या रांगेकडे पळाली. चांगुणानं झाकण परत लावलं आणि ताटली उन्हातून उचलून आत, सावलीला ठेवली.

"जेव," ती म्हणाली. "पोटभर जेव."