बिब्याची मोळी

विहिरीवर वाकलेलं बिब्याचं झाड आबांनी काल तोडलं. अंगाला तेल चोपडून, तोंडाला फडकं बांधून तोडलं, तरी मनगटावर बिबा उतून फोड आलेच. फांद्या पुरायच्या म्हणून कुंपणाशी रचल्या होत्या. सकाळी पाहतात तर मोळीभर लाकडं गायब.

"नेणाऱ्याचे हात सुजतील," बायको म्हणाली. "चांगली खोड मोडेल."

"हातांचं सोड. चुलीत घातली तर धूर डोळ्यांत जाईल, छातीत जाईल. घरात तान्हं पोर असलं म्हणजे?"

आळीत तान्हं पोर एकाच घरात होतं, थोरल्या वहिनींच्या. आणि बांधावरून त्यांच्याशी दोन वर्षं अबोला.

आबांना बसवेना. चोरी म्हटली की दार लागणार, आणि दारामागं चूल पेटणार. त्यांनी साठवणीतली वाळकी लाकडं हातगाडीवर चढवली. थेट वहिनींकडं जावं तर आळ घेतल्यासारखं दिसेल, म्हणून पहिलं दार सुताराचं.

"काल चुकून तुमच्या दारात ओली मोळी टाकली का हो मी? बदलून देतो."

"टाकलीत की," सुतार म्हणाला आणि आतून किडक्या फळ्या घेऊन आला. आबांनी मुकाट्यानं बदलून दिल्या. पुढच्या घरी कुंभारणीनंही तेच केलं. बोलता बोलता आबांची नजर सारखी वहिनींच्या छपराकडं. तिथून धुराची बारीक रेघ निघाली तशी त्यांनी कुंभारणीचं बोलणं अर्ध्यावर तोडलं आणि गाडी पळवली.

वहिनी दारात आल्या. हात पाठीमागं. आत चुलीत नुसता पाचोळा धुमसत होता, वर लाकडं अजून रचायची होती.

"वहिनी, काल चुकून तुमच्या दारात..."

वहिनींनी गाडीतल्या वाळक्या मोळ्यांकडं पाहिलं.

"दोन वर्षं तोंडातून शब्द नाही, भावोजी, आणि लाकडं टाकताना दार कुणाचं तेही बघत नाही?" त्यांनी काळी चिकट मोळी पायानं उंबऱ्याबाहेर ढकलली. "आता एकीनं काय होतंय? दोन ठेवा. बाळाचं पाणी तापवायचंय."

आबांनी दोन ठेवल्या. "हाताला खोबरेल लावा."

"माझ्या हाताला काय झालंय?"

"काही नाही. आपलं म्हटलं."

घरी बायकोनं गाडीतल्या किडक्या फळ्यांकडं पाहिलं, मग त्या काळ्या मोळीकडं. "कुणी नेली होती?"

"कुणी नाही," आबा फावडं शोधत म्हणाले. "मीच टाकली होती."