चांगल्या हाताची मालिश

गुणाजी तांडेल धक्क्यावर उतरला की खलाशी विडी विझवून उभे राहायचे. दाभोळच्या खाडीत बोट हाकणारा त्याच्यासारखा तांडेल नाही, असं त्याचे वैरीही कबूल करत. पण त्याच्या बोटीवर दुसऱ्या हंगामाला टिकणारा माणूसही विरळाच. हात फार चालायचा त्याचा. बोटीवर खलाशांवर पडायचा, घरी बायकोवर, हौसावर.

असा हा गुणाजी एका सकाळी बोटीचा दोर ओढायला वाकला आणि तिथेच कलंडला. रत्नागिरीच्या इस्पितळातून घरी आणला तेव्हा उजवा हात गेलेला, उजवा पाय गेलेला, तोंड वाकडं आणि वाचा बंद. कळत मात्र सगळं होतं. खाटेवर पडल्या पडल्या तो पत्र्यावरच्या पावलांवरून कावळा कुठला नि मांजर कुठलं ते ओळखायचा.

दापोलीहून ऋतिका नावाची फिजिओथेरपीवाली मुलगी आठवड्यातून एकदा यायची. पहिल्याच दिवशी तिने हौसाला जवळ बसवून घेतलं.

"मावशी, मालिश म्हणजे नुसतं तेल चोपडणं नव्हे. आधी असा हलका हात फिरवायचा, बोटांकडून खांद्याकडे. याने सूज उतरते, रक्त खेळतं. मग कणीक मळतो तसं दंडाचं मांस मळायचं, म्हणजे स्नायू आखडत नाहीत. मग सांध्याभोवती अंगठ्याने गोल गोल. शेवटी एकेक बोट उघडायचं आणि हात हळूहळू हलवायचा. ओढायचा नाही, खांदा निखळेल. आणि हे सगळं वाईट बाजूला. चांगली बाजू आपली आपण सांभाळते."

"आणि नाय केलं तर?" हौसाने विचारलं.

"तर मूठ आवळत जाते. एकदा पक्की आवळली की मग देवही उघडू शकत नाही. हे सुरुवातीचे महिने फार मोलाचे आहेत. काकांच्या बोटांत अजून थोडी हालचाल आहे, बघा."

गुणाजीने जीव एकवटला. उजव्या हाताचं मधलं बोट जेमतेम हललं. ऋतिका हसली. हौसा त्या बोटाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने वाटीत खोबरेल कोमट केलं, खाटेच्या डाव्या अंगाला बसली आणि त्याचा डावा हात मांडीवर घेतला. बोटांकडून खांद्याकडे हलका हात. मग मळणं. मग सांध्यांभोवती अंगठा. ऋतिकाने दाखवलं तसं, तिळभरही न चुकता. गुणाजीला बरं वाटलं. आळसावलेले डोळे मिटून तो पडून राहिला. आता उजव्या हाताकडे वळेल, असं त्याला वाटलं. हौसाने वाटी उचलली आणि ती चुलीकडे गेली.

विसरली असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. पुढच्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशी तेच. शेवटी तो घशातून घरघर काढत डाव्या हाताने उजवा हात दाखवू लागला. हौसाने दार लोटून घेतलं. उभा जन्म ती त्याला 'अवो' म्हणत आली होती. त्या दिवशी ती त्याच्या कानाशी वाकली आणि शांतपणे म्हणाली, "कळतंय मला. तो नाय चोळणार मी तुझा."

तुझा! गुणाजीच्या कानशिलात कुणी भडकवावी तसं झालं.

"हा बघ." तिने आपला डावा हात त्याच्या डोळ्यांसमोर धरला. शेवटची दोन बोटं वाकडी होती, तळव्याकडे वळलेली. "पिरगळलीस तेव्हा मोडली होती. डॉक्टरकडे जाते म्हटलं तर काय बोललास? तशीच जुळतील, म्हणालास. जुळली तशीच. आता तुझीपण जुळू देत."

मग ती पुन्हा त्याचा डावा हात चोळू लागली. "हा कशाला चोळते, म्हणशील. तुला कळायला नको, त्या हाताचं काय हुकतंय ते?"

ऋतिका आली की हौसाचा नूरच वेगळा. उजव्या दंडावर घाईघाईने तेलाचा हात फिरवलेला असायचा, अंगाला वास यायचा. उजवी बोटं मात्र आत वळत चालली होती. ऋतिकाच्या कपाळाला आठी पडली. तिने सरळ गुणाजीलाच विचारलं, "काका, मावशी या हाताला रोज मालिश करतात का? हो किंवा नाही, नुसती मान हलवा."

गुणाजीने मान हलवली. नाही. नाही. नाही.

हौसा खिन्नपणे हसली. "ताई, हे असंच चाललंय. काय पण विचारा, नायच म्हणतात. अवो, तुमचं नाव गुणाजी ना?"

गुणाजीला डाव कळला. आता 'हो' म्हणायचं, एवढंच. पण भीतीने त्याचं डोकं बधिर झालं आणि एकदा हलू लागलेली मान त्याच्या ताब्यात राहिली नाही. ती नाही, नाही अशी हलतच राहिली. ऋतिकाने हौसाच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं कधी कधी. तुम्ही करताय तेवढं करत राहा." पुढे पुढे तिचं येणं कमी झालं आणि मग थांबलं.

गुणाजीने आता मुलावर भिस्त ठेवली. रोज पडल्या पडल्या तो जीभ टाळ्याला लावून शब्द जुळवायचा. आई चोळत नाय. तीनच शब्द. शिमग्याला अजिंक्य मुंबईहून आला, बापाच्या पायथ्याशी बसला. हौसा लगेच वाटी घेऊन आली आणि उजव्याच हाताशी बसली. आवळलेल्या मुठीवरून तिने मायेने बोटं फिरवली.

"आये, किती करतंस गो त्यांचं," अजिंक्य म्हणाला.

हीच वेळ. गुणाजीने श्वास भरून घेतला, डोळे मुलावर रोखले आणि सगळा जोर लावून तोंड उघडलं.

"रांडे!"

शब्द स्वच्छ उमटला, पहिल्यासारखाच. स्वतःचा आवाज ऐकून गुणाजी हादरला. त्याने पुन्हा प्रयत्न केला. आई चोळत नाय. "रांडे! रांडे!" एवढंच बाहेर पडत होतं. आयुष्यभर घासून गुळगुळीत झालेला तेवढा एकच शब्द जिभेवर उरला होता.

अजिंक्य ताडकन उठला. लहानपणी हा शब्द ऐकला की तो खाटेखाली जाऊन लपायचा. "मरायला टेकलात तरी शिवीच? ती गूमूत काढतेय तुमचं, आणि तुम्हाला हेच सुचतं?"

"जाऊ दे रे बाबू," हौसा म्हणाली. "आजारी माणूस हाय."

राहिलेले दिवस अजिंक्य त्या खोलीत फिरकला नाही. जाताना आईच्या पाया पडला आणि बापाकडे न बघता निघून गेला.

पावसाळ्याच्या तोंडाशी भागोजीलाही तसाच झटका आला. हा गुणाजीचा जुना खलाशी, त्याच्या लाथा खाऊन बोट सोडून गेलेला. त्याची मुलगी मैना रडवेल्या तोंडाने हौसाकडे आली. "काकी, तुमी काकांचं इतकं करता. मला दाखवा ना कसं करायचं ते."

"ये, बस," हौसा म्हणाली आणि गुणाजीच्या खाटेशीच तिने चटई टाकली. स्वतःचा हात पुढे करून तिने मैनाला सगळं शिकवलं. आधी हलका हात, सूज उतरायला. मग मळायचं, आखडू नये म्हणून. मग सांधे. मग एकेक बोट. "आणि ध्यानात ठेव बाय, जी बाजू गेली तीच चोळायची. चांगली नाय. एक दिवस चुकवू नको. बोटं आत वळायला लागली की मग हातचं गेलं." बोलता बोलता ती मधूनच गुणाजीकडे बघे. मैनाला वाटे, केवढा जीव आहे काकीचा.

रोज मैना यायची, काय जमलं काय नाही ते सांगायची. बाबांचं बोट हललं. बाबांनी पेला धरला. बाबा भिंतीला धरून उभे राहिले. गुणाजीला सगळं ऐकावं लागे.

नारळी पौर्णिमेला भागोजी स्वतः आला. हातात काठी, एक पाय थोडा ओढत, पण आपल्या पायांनी. हौसाला त्याने दोन्ही हात जोडून नमस्कार केला. "वहिनी, हे तुमच्यामुळे." मग तो खुर्चीत बसवलेल्या गुणाजीपाशी गेला. जुना राग त्याच्या मनात उरला नव्हता. त्याने गुणाजीची उजवी मूठ हातात घेतली. "तांडेलानू, धीर सोडू नका. मी उघडून बघतो," म्हणत त्याने बोटं ताणली. गुणाजी गुरासारखा ओरडला. बोटं जागची हलली नाहीत. नखं तळव्यात रुतलेली होती.

"ऱ्हाऊ दे, भावोजी," हौसा म्हणाली. "आमच्या नशिबात नव्हतं." आणि तिने सगळ्यांदेखत पदराने गुणाजीचे डोळे पुसले.

भागोजी गेला. काठीचा आवाज पाणंदीत विरला. हौसाने तेल कोमट केलं, आपल्यासाठी ओतलेला चहाचा पेला बाजूला ठेवला आणि ती डाव्या अंगाला येऊन बसली. "बघितलास ना, कसा चालतो?" तिने विचारलं.

गुणाजीचा डावा हात झपकन उठला. इतके महिने तेल खाऊन, मळला जाऊन तो हात पहिल्यापेक्षा सुटा झाला होता. त्याने हौसाचा अंबाडा मुठीत धरला आणि खाली खेचला. तिचं डोकं खुर्चीच्या हातावर आपटलं. ती ओरडली नाही. तिने नुसतं पायाने खुर्ची लोटली. उजव्या अंगाला तोलच नव्हता. गुणाजी खुर्चीसकट लादीवर आडवा झाला आणि त्याच्या कमरेत काहीतरी कडकन मोडलं.

हौसाने केस सोडवून घेतले. अंबाडा पुन्हा बांधला. गुणाजीचा गाल लादीला चिकटला होता, तोंडातून लाळ गळत होती. त्याने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसती विनवणी होती. आयुष्यात पहिल्यांदा.

ती मोरीच्या कट्ट्यावर बसून चहा प्यायली. निवला होता, तरी सावकाश प्यायली. मग ओटीवर येऊन तिने हंबरडा फोडला, "धावा गो! ह्ये पडले!"

गुणाजी पुन्हा खुर्चीत बसला नाही, खाटेवरच राहिला. गावातल्या बाया अजूनही आपल्या सुनांना हौसाचा दाखला देतात. हौसाने मात्र त्या दिवसापासून डाव्या हातालाही तेल लावलं नाही.